चरित्रकार चांगदेव भवानराव खैरमोडे

ज्या समाजाला शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्या समाजातील कर्त्या माणसांच्या नोंदी ठेवणार तरी कोण? पिढी सरते, कागद जीर्ण होतात आणि थोर आयुष्ये केवळ दंतकथेपुरती उरतात. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बाबतीत असे होऊ नये म्हणून ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्या चांगदेव भवानराव खैरमोडे यांचे या स्मरणिकेत स्मरण करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

चरित्रग्रंथ माणूस कसा घडवितो, हे बाबासाहेबांच्याच जीवनात दिसते. ते मॅट्रिक उत्तीर्ण झाले तेव्हा मुंबईत त्यांचा सत्कार झाला. त्या प्रसंगी कृष्णराव अर्जुन केळूसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांना भेट दिले. बुद्धाची ही ओळख पुढे १९५६ साली नागपूरच्या धम्मदीक्षेपर्यंत पोहोचली.

खैरमोडे यांचा जन्म १९०४ साली सातारा जिल्ह्यातील पाचवड येथे झाला. विद्यार्थिदशेतच ते मुंबईत बाबासाहेबांच्या सहवासात आले. हा पुरुष इतिहास घडविणार, हे त्यांनी फार लवकर ओळखले आणि बाबासाहेब कीर्तिशिखरावर पोहोचण्याची वाट न पाहता साधने जमविण्यास प्रारंभ केला. पत्रे, भाषणांचे वृत्तांत, वर्तमानपत्रांतील कात्रणे, आप्तेष्टांच्या व सहकाऱ्यांच्या आठवणी, असे जे मिळेल ते त्यांनी जपले. सरकारी नोकरी आणि प्रपंच सांभाळून हे काम चालू होते. बाबासाहेबांच्या शूद्रांविषयीच्या इंग्रजी ग्रंथाचा त्यांनी मराठी अनुवादही केला.

चरित्राचा पहिला खंड १९५२ साली, बाबासाहेबांच्या हयातीतच प्रसिद्ध झाला. त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी, ६ डिसेंबर १९५६ रोजी, बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. ज्यांना विचारून शंका फेडावी, तेच राहिले नाहीत. अशा वेळी आधी जमविलेल्या कागदांचे मोल कळते. खैरमोडे लिहीत राहिले; परंतु १८ नोव्हेंबर १९७१ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा कार्य अपुरेच होते.

येथे द्वारकाबाई खैरमोडे यांचे ऋण मानलेच पाहिजे. पतीच्या मागे त्यांनी हस्तलिखिते सांभाळली आणि ती छापून व्हावीत म्हणून अविरत खटपट केली. पुढील खंड महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रकाशित केले आणि बारा खंडांचे हे चरित्र पूर्ण झाले. द्वारकाबाई नसत्या, तर त्यातील कितीतरी पाने पेटीतच राहिली असती.

आज महाजालावरील ज्ञानकोशात कोणीही चरित्रनोंद लिहू शकतो. पण नोंद टिकते ती आधारावर. तारीख कोणती, गाव कोणते, कागद कोठे आहे, या प्रश्नांची उत्तरे नसतील तर कितीही भक्तिभावाने लिहिलेला मजकूर उडून जातो. श्रद्धेने आरंभ करावा, परंतु पुराव्याने लिहावे, हा धडा खैरमोडे यांच्या आयुष्यातून आपण घ्यावयाचा आहे.

आमच्या माजी विद्यार्थ्यांना व पालकांना म्हणून एक विनंती आहे. आपापल्या गावी ज्यांनी शाळा काढली, पाणवठा खुला करण्यासाठी लढा दिला, विहार उभारले, त्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी त्यांच्या हयातीतच तारीखवार लिहून ठेवा. जुनी पत्रे व छायाचित्रे रद्दीत जाऊ देऊ नका. खैरमोडे दांपत्याच्या स्मृतीस याहून उचित अभिवादन दुसरे नाही.