सेवासदनाच्या कै. रमाबाई रानडे

शिक्षण बालपणी घ्यावयाचे आणि उदरनिर्वाहाची चिंता मोठेपणी करावयाची, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु ज्यांच्या हाती बालपणी पाटीच आली नाही, त्यांनी काय करावे? संसाराचा आधार तुटल्यावर जिला अक्षरओळखही नाही, त्या स्त्रीने पोट कसे भरावे? या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी केवळ व्याख्यानांतून नव्हे, तर एक संस्था वाढवून दिले, त्या कै. रमाबाई रानडे यांचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी देवराष्ट्रे येथे कुर्लेकर घराण्यात झाला. हे गाव आज सांगली जिल्ह्यात असून पुढे यशवंतराव चव्हाण यांचा जन्मही तेथेच झाला. मुलगी लिहू-वाचू लागली तर तिच्यावर वैधव्य ओढवते, असे मानणारा तो काळ. १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचा विवाह महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला. रानडे तेव्हा एकतीस वर्षांचे विधुर होते. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या या सुधारकाने वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून लहान मुलीशी लग्न केले, म्हणून त्यांच्यावर टीका झाली; ती अस्थानी होती असे आम्हांस म्हणवत नाही. मात्र सासरी आलेल्या त्या निरक्षर मुलीला त्यांनी स्वतः मुळाक्षरांपासून शिकविले.

हे शिकणे सोपे नव्हते. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना सुनेचे वाचन मुळीच रुचत नसे. टोमणे, अबोला, टाकून बोलणे हे नित्याचेच झाले. रमाबाईंनी उलट उत्तर दिले नाही आणि पुस्तकही खाली ठेवले नाही. मराठीनंतर त्या इंग्रजी शिकल्या. पुण्यात मुलींच्या हायस्कुलाची मागणी पुढे आली, तेव्हा गव्हर्नरांसमोर इंग्रजीतून भाषण वाचण्याचे धैर्य त्यांनी दाखविले. हीच शाळा पुढे हुजूरपागा या नावाने प्रसिद्ध झाली. घरकाम सांभाळून, बोलणी सोसून शिकावे लागणे म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून कळले नव्हते. त्यांच्या पुढील कार्याचे बीज याच अनुभवात आहे, असे आम्हांस वाटते.

१६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्ती रानडे निवर्तले. रमाबाईंचे वय तेव्हा अवघे ३८ होते. काही काळ त्या शोकात बुडून राहिल्या. नंतर येरवड्याच्या तुरुंगातील स्त्रीकैद्यांना आणि इस्पितळांतील रुग्णांना भेटू लागल्या. १९०४ साली मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. १९०८ साली बेहरामजी मलबारी व दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदन स्थापन केले, त्याच्याही त्या अध्यक्षा झाल्या. १९०९ साली पुण्यातील रानड्यांच्या वाड्यात पुणे सेवासदनाचे वर्ग भरू लागले. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर हे या कार्यात त्यांचे उजवे हात होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. प्रौढ स्त्री लहान मुलासारखी सकाळपासून शाळेत बसू शकत नाही. म्हणून चूल, पाणी, मुलेबाळे आटोपल्यावर दुपारच्या वेळी तिला येता येईल असे वर्ग ठेवण्यात आले. विधवा, परित्यक्ता आणि सुवासिनी एकाच ठिकाणी शिकू लागल्या. लिहिणे, वाचणे आणि हिशेब यांच्या जोडीला शिवणकाम, भरतकाम, प्रथमोपचार हे विषय आले. शिक्षिका तयार करणारा वर्गही निघाला. अक्षर हे पहिले पाऊल, आणि चार पैसे मिळविता येतील असे काम हे पुढचे पाऊल, अशी ही रचना होती.

त्यांत सर्वांत अवघड काम परिचारिकांचे. परक्या पुरुषाची शुश्रूषा करावयाची, कोणत्याही जातीच्या रोग्यास स्पर्श करावयाचा, रात्रपाळी करावयाची, हे प्रतिष्ठित घरांतील स्त्रियांना निषिद्ध मानले जाई. सेवासदनाने आपल्या विद्यार्थिनींना ससून रुग्णालयात या शिक्षणासाठी पाठविले आणि त्यांच्या राहण्याची सोय केली. लोकनिंदा झाली, परंतु जी स्त्री काल दिराच्या घरी आश्रित होती, ती स्वतःच्या वेतनावर ताठ मानेने जगू लागली, हे पाहिल्यावर निंदकांचा आवाज हळूहळू मंदावला.

१९१० साली रमाबाईंनी आपल्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध केले. मराठी आत्मचरित्रांत त्याचे स्थान मानाचे आहे. पुण्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू करताना मुलींना वगळू नये, म्हणून त्यांनी स्त्रियांची चळवळ उभी केली. स्त्रियांच्या मताधिकारासाठीही त्या झटल्या. १९२४ साली त्यांचे निधन झाले, त्या वेळी सेवासदनात हजाराहून अधिक स्त्रिया शिक्षण घेत होत्या. १९६२ साली, त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त, भारतीय टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

नागपूर ही १९५६ पर्यंत आपल्या प्रांताची राजधानी होती. तेथेही पुढे सेवासदनाचे कार्य सुरू झाले. परंतु शहरात उगम पावलेला हा प्रवाह बैहरसारख्या रानावनातील मुलखात सहजी पोहोचला नाही. आमच्या आसपासच्या गोंड व बैगा वस्त्यांत अंगठा उठविणाऱ्या माउल्या आजही आढळतात. त्या कष्टाळू आहेत; उणीव आहे ती अक्षराची आणि अक्षराला जोडलेल्या कामाची. मालाची नोंद, मजुरीचा हिशेब, औषधाच्या बाटलीवरील सूचना त्यांना वाचता आल्या, तर त्यांच्या कष्टांना योग्य मोल येईल.

विद्यार्थी मित्रहो, आपल्या घरी किंवा शेजारी अशी एखादी आजी, मावशी वा काकी असेल. तिची कामे उरकल्यावर दुपारी अर्धा तास तिच्याजवळ पाटी घेऊन बसा. रमाबाईंच्या चरित्राचे वाचन तेव्हाच सार्थकी लागले, असे आम्ही समजू.