धोतराच्या गाठीत कॅन्सरचं कारण शोधणारे डॉ. खानोलकर

कंबरेला रोज एकाच जागी आवळलेली धोतराची गाठ आणि ओठाआड दाबलेली तंबाखू-चुन्याची गोळी. या दोन्ही गोष्टी गावोगावी पिढ्यानपिढ्या चालत आलेल्या. त्यांच्यामुळे कॅन्सर होऊ शकतो, हे १९४५ साली जगापुढे मांडलं ते मुंबईच्या डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी.

१३ एप्रिल १८९५ हा त्यांचा जन्मदिवस. लंडन विद्यापीठातून १९२३ मध्ये त्यांनी पॅथॉलॉजी विषयात एमडी केलं. पॅथॉलॉजी म्हणजे आजारात शरीरात नेमकं काय बिघडतं, हे तपासणारं शास्त्र. काढलेल्या गाठीचा तुकडा लॅबमध्ये पाठवतात ना, तो तपासणारा डॉक्टर याच विषयाचा.

परत आल्यावर त्यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि पुढे केईएम रुग्णालयाच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात हा विषय शिकवला. इंग्रजांच्या राज्यात सरकारी वैद्यकीय कॉलेजांतल्या मोठ्या जागा बहुतेक गोऱ्यांकडेच असत. १९२६ मध्ये सुरू झालेल्या जी. एस. कॉलेजासाठी देणगीदारांची अटच होती की शिकवणारे भारतीय असावेत. आपली माणसंही हे काम करू शकतात, हे तिथल्या प्राध्यापकांना दाखवून द्यायचं होतं.

१९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडलं आणि तिथल्या प्रयोगशाळांची जबाबदारी खानोलकरांकडे आली. भारतात कॅन्सर फारसा होत नाही, असा तेव्हा अनेकांचा समज होता. खानोलकरांनी मात्र गाठ कुठे आली आणि त्या माणसाची रोजची सवय काय, याची सांगड घातली.

सहकारी सूर्याबाई यांच्यासोबत त्यांनी तीन प्रकार मांडले. घट्ट धोतर नेसणाऱ्यांच्या कंबरेच्या कातडीचा कॅन्सर, खैनी खाणाऱ्यांच्या तोंडातला आणि चुट्टा ओढणाऱ्यांच्या टाळूचा. आंध्रच्या किनाऱ्याकडे अनेक बाया चुट्ट्याचं पेटतं टोक तोंडात धरून ओढत. चटका बसायचा टाळूला, आणि गाठही तिथेच यायची.

धोतराचं गणित सोपं आहे. एकाच जागी वर्षानुवर्षं घासलं की कातडी काळी पडते, खपल्या धरते, जखम होते. शरीर ती भरून काढायला नव्या पेशी तयार करत राहतं. कधीतरी त्या पेशींची वाढ ताब्यात राहत नाही. तोच कॅन्सर. परकराच्या घट्ट नाडीमुळेही असंच होऊ शकतं. वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये अशा दोन रुग्ण महिलांची नोंद प्रसिद्ध केली.

१९५२ मध्ये मुंबईत भारतीय कॅन्सर संशोधन केंद्र उभं राहिलं, त्याचे ते संस्थापक संचालक. कुष्ठरोगावरही त्यांनी काम केलं. पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले, पद्मभूषण मिळालं. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी ते गेले. भारतातल्या पॅथॉलॉजीचे जनक म्हणून डॉक्टर मंडळी आजही त्यांचं नाव घेतात.

नाडी सैल बांधता येते, तिची जागा बदलता येते. तंबाखूची पुडी मात्र टाकूनच द्यावी लागते. आणि तोंडातली किंवा कंबरेवरची जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, तर थेट दवाखाना गाठायचा.