करवत झाडापाशी नेणारा माणूस

वादळात हिंजवडीच्या रस्त्यावर झाड आडवे झाले, की अग्निशमन दलाचा एकटा जवानही चेन सॉ चालवतो. ही सोय ज्यांच्या खटपटीतून आली, त्यांत आंद्रेआस श्टील अग्रणी. १८९६ मध्ये झ्युरिकला जन्मलेल्या या अभियंत्याला ओंडके ओढत नेण्यापेक्षा करवतच झाडापाशी न्यावी असे वाटले. १९२६ मध्ये त्यांनी श्टुटगार्टला कारखाना काढला. विजेवरची पहिली करवत ६४ किलोंची. तिला दोघे लागत. नाझी पक्षाचे सदस्यत्व आणि युद्धानंतरची कैद हा त्यांच्या चरित्रावरचा डाग. सुटकेनंतर, १९५० मध्ये एकट्याने पेलायची १६ किलोंची पेट्रोल करवत आली. १९५९ मध्ये १२ किलोंची. १९७३ मध्ये ते वारले. ढलप्यांऐवजी पीठ पडू लागले, की साखळीला कानस लावायची, हे काम मात्र आजही लाकूडतोड्याच्याच हाती आहे.