आडव्या इंजिनाचा माणूस: छोटी कार घडवणारा इसिगोनिस आणि त्याला न पटलेली सेफ्टी

आमच्या दवनीवाड्यात उभी असलेली कुठलीही ऑल्टो घ्या आणि बोनेट उघडून बघा. इंजिन आडवं दिसेल, म्हणजे डाव्या चाकाकडून उजव्या चाकाकडे पसरलेलं. शेजारी बोलेरो असेल तर तिचंही बोनेट उघडा. तिथं इंजिन गाडीच्या लांबीत आहे, समोरून ड्रायव्हरच्या दिशेने. फरक एवढाच, पण ऑल्टोत पाच माणसं आणि दोन पिशव्या मावतात त्या याच फरकामुळे.

हे इंजिन आडवं करून जगाला पटवून देणारा माणूस म्हणजे सर अलेक इसिगोनिस. ब्रिटनची प्रसिद्ध 'मिनी' त्याचीच. त्याची गोष्ट सांगायचं कारण असं की मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, "दादा, दीड-दोन लाखात जुनी छोटी गाडी घेऊ का? सेफ असते का?" या प्रश्नाची दोन्ही उत्तरं या एका माणसाच्या आयुष्यात सापडतात. गाडी छोटी कशी करायची हे त्याच्याइतकं कुणालाच कळलं नाही. आणि ठोकर झाल्यावर आतल्या माणसाचं काय होतं, या प्रश्नात त्याने कधी फार रस घेतला नाही.

गणितात तीनदा नापास

जन्म १८ नोव्हेंबर १९०६ चा, स्मर्ना शहरातला. आज हे शहर तुर्कस्तानात आहे आणि त्याला इझमीर म्हणतात. वडील ग्रीक वंशाचे पण ब्रिटिश नागरिक, जहाजांची यंत्रं बनवायचा त्यांचा कारखाना होता. आई जर्मन घराण्यातली. १९२२ मध्ये ग्रीस-तुर्कस्तान युद्धाच्या शेवटी शहर पेटलं आणि ब्रिटिश नागरिकांना जहाजातून माल्टाला हलवलं गेलं. कारखाना, घर, सगळं मागे राहिलं. वडील त्यानंतर लवकरच वारले आणि सोळा-सतरा वर्षांचा मुलगा आईला घेऊन इंग्लंडला पोचला.

लंडनच्या बॅटरसी पॉलिटेक्निकमध्ये त्याने इंजिनिअरिंगला नाव घातलं. ड्रॉइंग एक नंबर, पण गणितात तीनदा नापास. गणित कल्पकतेला मारतं, असं तो पुढे आयुष्यभर म्हणत राहिला. (आपल्यापैकी बऱ्याच जणांना हे वाक्य आवडेल, पण जरा थांबा. पुढे एक छोटं गणित येणार आहे.)

शिकून झाल्यावर छोट्यामोठ्या नोकऱ्या केल्या आणि १९३६ मध्ये तो मॉरिस कंपनीत लागला. फावल्या वेळात मित्राबरोबर हाताने एक हलकी रेसिंग गाडी बनवली. पैसे नव्हते, मशिनरी नव्हती, म्हणून वर्षानुवर्षं घासत, ठोकत बसले. त्या गाडीत स्प्रिंगच्या जागी रबर वापरलं होतं. रबराची ही कल्पना लक्षात ठेवा.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच त्याने सामान्य माणसासाठी एक छोटी गाडी आखायला घेतली. १९४८ मध्ये ती मॉरिस मायनर नावाने बाजारात आली. शेवटच्या टप्प्यात त्याला वाटलं की गाडी अरुंद दिसतेय. मग काय केलं? तयार नमुना मधोमध उभा कापायला लावला, दोन अर्धे लांब सरकवून बघितले आणि चार इंच वाढवून गाडी पक्की केली. बंपर आधीच बनून पडले होते. तेही कापून मधे पट्टी जोडली. मायनर ही दहा लाखांचा टप्पा गाठणारी पहिली ब्रिटिश कार ठरली. आपल्याकडे हिंदुस्तान मोटर्सने हीच गाडी 'बेबी हिंदुस्तान' म्हणून विकली.

साधारण याच काळात आपल्या इचलकरंजीत शंकरराव कुलकर्णी 'मीरा' नावाच्या छोट्या भारतीय कारचे नमुने स्वतःच्या हिमतीवर घडवत होते. कॉलेजची डिग्री नाही, मोठी कंपनी पाठीशी नाही. मीरा शेवटपर्यंत कारखान्यातल्या उत्पादनापर्यंत पोचलीच नाही. इसिगोनिसच्या मागे मात्र अख्खी कंपनी उभी होती.

दहा फुटांत चार माणसं

१९५६ मध्ये सुएझ कालव्यावरून संकट उभं राहिलं. ब्रिटनमध्ये पेट्रोलचं रेशनिंग सुरू झालं. लोक 'बबल कार' घ्यायला लागले, म्हणजे बुडबुड्यासारख्या गोल, स्कूटरच्या इंजिनावर चालणाऱ्या जर्मन गाड्या. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचा प्रमुख लिओनर्ड लॉर्ड याला त्या अजिबात खपत नव्हत्या. त्याने इसिगोनिसला बोलावलं आणि १९५७ च्या सुरुवातीला काम दिलं: चार माणसांची खरी कार कर, शक्य तितकी छोटी कर, पण इंजिन आपल्याकडे आहे तेच वापर.

त्याने ठरवलं, गाडी दहा फुटांची. म्हणजे ३.०५ मीटर. तुलनेसाठी, पुण्यात डिझाइन झालेली टाटा नॅनो ३.१ मीटरची होती. या दहा फुटांतली साधारण ८० टक्के जागा माणसांना आणि सामानाला द्यायची.

इथं खरी करामत आहे. इंजिन लांबीत ठेवलं तर त्याच्या मागे गिअरबॉक्स, मग मागच्या चाकांपर्यंत जाणारा शाफ्ट, आणि शाफ्टसाठी गाडीच्या मधोमध उंचवटा. इसिगोनिसने इंजिन फिरवून आडवं केलं, गिअरबॉक्स त्याच्या खाली तेलाच्या टाकीतच बसवला आणि पुढच्याच चाकांना ताकद दिली. शाफ्ट गेला, उंचवटाही गेला. चाकं फक्त दहा इंचांची घेतली, म्हणजे चाकांवरच्या कमानी आत घुसणार नाहीत. त्यासाठी डनलपला खास टायर बनवावे लागले. स्प्रिंगच्या जागी त्याचा मित्र अलेक्स मोल्टन याने बनवलेले रबराचे शंकू आले. दारात खिडकी सरकती ठेवली, म्हणून दाराच्या आत मोठा कप्पा मिळाला.

एक गोष्ट सांगायला हवी. आजच्या ऑल्टोत गिअरबॉक्स इंजिनाच्या खाली नाही, बाजूला असतो. ती सुधारणा फियाटचा इंजिनिअर दांते जाकोसा याची, १९६० च्या दशकातली. आडवं इंजिन आणि पुढच्या चाकांना ताकद ही जोडी मात्र मिनीमुळेच जगभर गेली. १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० मध्येही तीच होती.

मिनी २६ ऑगस्ट १९५९ ला जाहीर झाली. किंमत ४९६ पौंड. सुरुवातीला गडबडीही झाल्या. फरशीच्या पत्र्याचे सांधे उलट्या बाजूने जोडल्यामुळे पावसात पाणी आत यायचं आणि पायाखाली तळं साचायचं. पण गाडी वळणावर इतकी चिकटून चालायची की चालवणारा खूश व्हायचा. तिच्या कूपर मॉडेलने १९६४, १९६५ आणि १९६७ मध्ये माँटे कार्लो रॅली जिंकली, तीही कितीतरी मोठ्या इंजिनांच्या गाड्यांना मागे टाकून. श्रीमंत, गरीब, सिनेनट, नर्स सगळ्यांकडे मिनी दिसायला लागली. छोट्या गाडीत बसणं म्हणजे पैसे कमी असणं, हे समीकरण तिने मोडलं. आपल्याकडे नॅनोला नेमकं हेच जमलं नाही.

ऑगस्ट १९५९ मधलीच दुसरी गोष्ट

मिनी जाहीर व्हायच्या तेरा दिवस आधी, १३ ऑगस्ट १९५९ ला, स्वीडनमध्ये व्होल्वोने तीन ठिकाणी अडकणारा सीटबेल्ट बसवलेली पहिली गाडी रवाना केली. आज तुम्ही लावता तो बेल्ट हाच, निल्स बोलिनने बनवलेला. त्याच वर्षी मर्सिडीजने बेला बारेनीच्या कल्पनेवर पुढचा-मागचा भाग मुद्दाम चेपणारी आणि मधली केबिन मजबूत असणारी गाडी विकायला काढली. म्हणजे ठोकर लागल्यावर माणूस कसा वाचवायचा, याची दोन मोठी उत्तरं तेव्हाच बाजारात होती.

इसिगोनिसला ती पटली नाहीत. त्याचं म्हणणं होतं की गाडीने ठोकर टाळायला मदत करावी. ब्रेक चोख, स्टिअरिंग लगेच ऐकणारं, वळणावर पकड घट्ट, एवढं दिलं की इंजिनिअरचं काम संपलं, पुढची जबाबदारी ड्रायव्हरची. सीट फार आरामशीर नको, म्हणजे माणूस जागा राहतो, असंही त्याला वाटायचं. सुरुवातीच्या मिनीत सीटबेल्ट नव्हते. पेट्रोलची टाकी डिकीच्या आतच, एका बाजूला होती.

त्याचं अर्धं म्हणणं खरं आहे. आजचं एबीएस हे काम करतं: ठोकर होऊच नये. पण दवनीवाड्याहून गोंदियाकडे रात्री येताना समोरून रेतीचा टिप्पर तुमच्या बाजूला आला, तर तुमचं स्टिअरिंग कितीही हलकं असलं तरी उपयोग नाही. चूक दुसऱ्याची आणि ठोकर तुम्हाला. आता ते गणित.

६०० किलोची छोटी गाडी आणि १८०० किलोची एसयूव्ही, दोन्ही ताशी ५० किलोमीटरने समोरासमोर धडकल्या आणि एकमेकींत अडकल्या असं धरा. दोघी मिळून एसयूव्हीच्या दिशेने ताशी २५ ने सरकतील. म्हणजे एसयूव्हीचा वेग ५० वरून २५ वर आला, फरक २५. छोटी गाडी ५० ने पुढे जात होती ती २५ ने मागे ढकलली गेली, फरक ७५. शरीराला मार लागतो तो याच फरकाचा. एकाच अपघातात तिप्पट.

झाडाला धडकलात तर वजनापेक्षा नाकाची लांबी महत्त्वाची. ताशी ५० वरून थांबताना गाडीचा पुढचा भाग ६० सेंटिमीटर चेपला, तर शरीरावर सरासरी झटका साधारण १६ जी, म्हणजे आपल्या वजनाच्या १६ पट. फक्त ३० सेंटिमीटर चेपला तर ३३ जी. दहा फुटांतली ८० टक्के जागा माणसांना दिली, तर चेपायला जागा उरते किती?

अमेरिकेने १९६८ पासून गाड्यांसाठी सुरक्षेचे नियम लागू केले आणि मिनीची तिथली विक्री १९६७ नंतर बंद झाली. इसिगोनिस तोवर रॉयल सोसायटीचा फेलो झाला होता आणि १९६९ मध्ये त्याला 'सर' ही पदवी मिळाली. पण कंपनीचं विलीनीकरण होऊन नवे साहेब आले आणि त्याला हळूच बाजूला सारलं गेलं. १९७१ मध्ये तो निवृत्त झाला. लग्न केलं नव्हतं, आईबरोबर राहायचा, तीही पुढच्या वर्षी गेली. तरी तो घरी बसून गिअर नसलेल्या गाडीवर काम करतच राहिला.

मग घ्यायची की नाही?

आधी एक स्पष्ट करतो. बायको आणि दोन पोरं बाईकवर घेऊन रोवणीच्या दिवसांत चिखलातून जाणाऱ्या माणसाला मी छोटी कार घेऊ नको असं कधीच सांगणार नाही. रतन टाटांना नॅनो सुचली ती अशाच स्कूटरवरच्या कुटुंबांना बघून. बाईकपेक्षा चार चाकं आणि डोक्यावर पत्रा केव्हाही बरा. पण छोट्या गाड्यांमध्येही जमीन-अस्मानाचा फरक असतो.

२०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने भारतातल्या पाच छोट्या गाड्या ताशी ६४ किलोमीटरने आदळून बघितल्या. ऑल्टो ८००, नॅनो, आय१०, फिगो आणि पोलो. पाचही बिनाएअरबॅगच्या, पाचही गाड्यांना मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य स्टार. पण पोलोचा सांगाडा टिकला होता. तीच पोलो दोन एअरबॅग लावून आदळली आणि तिला चार स्टार मिळाले. नॅनो आणि ऑल्टोचा सांगाडाच कोलमडला होता. तिथं नुसती एअरबॅग लावून काम भागलं नसतं. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला बनणारी बजाज क्यूट तर त्याहून छोटी, २१६ सीसीची. युरो एनकॅपने २०१६ मध्ये तिला एक स्टार दिला. ती शहरातल्या हळू रस्त्यांवर रिक्षाच्या जागी चालवायची वस्तू आहे. हायवेवर नेऊ नका.

म्हणून जुनी गाडी बघताना आधी आरसीवरचा बनवल्याचा महिना-वर्ष बघा, मग सीटकव्हर आणि म्युझिक सिस्टम. एप्रिल २०१९ पासून एबीएस आणि १ जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली. जानेवारी २०२२ पासून पुढच्या दोन्ही सीटला एअरबॅग आली. त्याआधीची गाडी स्वस्त मिळते त्याला हेही एक कारण आहे. मॉडेलचं नाव टाकून ग्लोबल एनकॅप किंवा भारत एनकॅपचा क्रॅश व्हिडिओ मोबाइलवर बघा, दोन मिनिटांचं काम आहे. स्टार तर बघाच, शिवाय ड्रायव्हरच्या दारापुढचा खांब दुमडतोय का तेही बघा. आणि मागे बसणाऱ्यांनीही बेल्ट लावायचा, मग प्रवास गोंदियापर्यंतचाच का असेना.

इसिगोनिस २ ऑक्टोबर १९८८ ला बर्मिंगहॅममध्ये वारला. मिनी त्याच्यानंतर बारा वर्षं बनत राहिली, ऑक्टोबर २००० पर्यंत, एकूण ५३ लाखांहून जास्त. १९९६ पासूनच्या शेवटच्या मॉडेलमध्ये कंपनीने दारांत लोखंडी दांडे टाकले आणि ड्रायव्हरसमोर एअरबॅग बसवली.