जॉन स्टुअर्ट मिल : वाया जाणाऱ्या मतांची काळजी करणारा विचारवंत

समजा, आपल्या वर्गात 40 मुलं आहेत. मॉनिटरच्या निवडणुकीला तिघे उभे राहिले. एकाला 15, दुसऱ्याला 13 आणि तिसऱ्याला 12 मतं पडली. 15 वाला जिंकला. मग उरलेल्या 25 जणांच्या मतांचं काय झालं? ब्रिटनच्या पार्लमेंटबद्दल हाच प्रश्न जॉन स्टुअर्ट मिल यांना पडला होता.

मिल यांचा जन्म 20 मे 1806 रोजी लंडनमध्ये झाला. वडिलांनी त्यांना शाळेत घातलंच नाही, घरीच शिकवलं. तिसऱ्या वर्षी ग्रीक, आठव्या वर्षी लॅटिन! (लहान मुलावर एवढं ओझं टाकू नये, असं शिक्षक म्हणून मला वाटतं. विसाव्या वर्षी ते फार खचले होते.) 17 व्या वर्षी ते ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कचेरीत लागले आणि 1858 पर्यंत तिथेच होते. हिंदुस्थानचा कारभार त्यांनी कागदावर पाहिला, इथे मात्र कधी आले नाहीत.

1859 मध्ये थॉमस हेअर या वकिलाचं पुस्तक त्यांच्या हाती आलं. योजना अशी, बघा. मतदाराने उमेदवारांना पसंतीक्रम द्यायचा. एकूण मतांना जागांनी भागायचं. तेवढी मतं मिळाली की उमेदवार निवडून आला. त्याची जादा मतं दुसऱ्या पसंतीच्या उमेदवाराकडे जातात. म्हणजे थोड्या लोकांच्या गटालाही त्याच्या प्रमाणात जागा मिळते. मिल यांना हे इतकं पटलं की 1861 च्या आपल्या ग्रंथात त्यांनी याचा जोरदार पुरस्कार केला. शिकलेल्यांना जास्त मतं द्यावीत असंही त्यांचं म्हणणं होतं, ते मात्र मला पटत नाही.

1865 मध्ये ते वेस्टमिन्स्टरमधून उभे राहिले. प्रचारावर पैसा खर्च करणार नाही, असं आधीच सांगून टाकलं आणि तरी जिंकले! मे 1867 मध्ये त्यांनी हेअरची योजना सभागृहात मांडली, ती स्वीकारली गेली नाही. त्याच महिन्यात स्त्रियांच्या मताधिकाराची सूचनाही 73 विरुद्ध 196 मतांनी पडली. 1868 ला ते स्वतःच हरले. मे 1873 मध्ये फ्रान्समध्ये त्यांचं निधन झालं.

ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सची पद्धत अजून तीच आहे. 2024 मध्ये लेबर पक्षाला सुमारे 34 टक्के मतं पडली आणि 650 पैकी 411 जागा मिळाल्या. आपल्याकडे राज्यसभेच्या निवडणुकीत मात्र आमदार मतपत्रिकेवर 1, 2, 3 असे पसंतीक्रमच लिहितात, बरं का!