तंजावरचे सरफोजीराजे

व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात तंजावरला भोसल्यांची गादी स्थापन केली, ती कावेरीच्या सुपीक खोऱ्यात. धन होते, म्हणून हेवेदावेही होते. १७३६ ते १७३९ या अवघ्या तीन वर्षांत त्या गादीवर तिघे बसले आणि उतरले. राजे बसवण्या-उतरवण्यात किल्लेदार सय्यद याचा हात होता. पुढे प्रतापसिंह गादीवर आले आणि त्यांनी या किल्लेदाराचा काटा काढला. अशा दरबारात सरफोजीराजांचे बालपण अडकले, हे लक्षात घेतल्याशिवाय त्यांचे पुढील आयुष्य उमगत नाही.

प्रतापसिंहांचे पुत्र तुळजाजीराजे यांना १७७३ साली अर्काटच्या नबाबाने पदच्युत केले. इंग्रजांच्या कंपनीने १७७६ मध्ये त्यांना पुन्हा गादीवर बसवले. त्यांची मुले जगली नाहीत. अखेरच्या आजारात, १७८७ साली, त्यांनी भोसले कुळातीलच एका शाखेतला नऊ वर्षांचा मुलगा दत्तक घेतला. हेच सरफोजी. मुलाचा सांभाळ जर्मन पाद्री श्वार्ट्झ यांनी करावा, अशी राजांची इच्छा होती. श्वार्ट्झ यांनी एकट्याने ती जबाबदारी पत्करली नाही. राजांचे सावत्र बंधू अमरसिंह यांनाच कारभारी नेमावे, असे त्यांनी सुचवले. हेतू सरळ होता, परंतु कुंपणाच्या हाती शेत सोपवल्यासारखे झाले.

तुळजाजी निवर्तताच अमरसिंहांनी स्वतःसाठी गादी मागितली. आता वाद तलवारीचा राहिला नाही, धर्मशास्त्राचा झाला. कंपनीने पंडितांची सभा भरवली. दत्तक घेताना राजे शुद्धीवर नव्हते, मुलाचे वय अधिक होते, तो आईबापांचा एकुलता एक होता, असे आक्षेप निघाले. दत्तक अशास्त्रीय ठरले आणि अमरसिंह राजे झाले. ज्याचा हक्क कागदावर मारला गेला, त्या मुलाला वाड्यात कोंडून ठेवण्यात आले. त्याच्या शिक्षणाची आबाळ झाली. तेव्हा श्वार्ट्झ यांनी वारंवार तक्रारी केल्या, आणि १७९३ मध्ये सरफोजी व तुळजाजींच्या विधवा राण्या यांना मद्रासला नेण्यात आले. तेथे पाद्री गेरिके यांच्या देखरेखीखाली त्यांचा अभ्यास सुरू झाला. इकडे दत्तकाचा प्रश्न पुन्हा निघाला. बंगाल आणि काशीच्या पंडितांनी दत्तक ग्राह्य ठरवले. शास्त्र तेच, निकाल उलटा! मधल्या काळात अमरसिंहांच्या कारभाराला कंपनी विटली होती, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

२९ जून १७९८ रोजी सरफोजी गादीवर बसले. श्वार्ट्झ त्यापूर्वी चारच महिने, फेब्रुवारीत, वारले होते. गादीची किंमत मात्र लवकरच मोजावी लागली. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने राज्याचा सारा कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे किल्ला आणि वाडा राहिला. वर्षाला एक लाख होन आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा ठरला. त्याच वर्षी श्रीरंगपट्टण पडून टिपू मारला गेला होता. विशीतल्या राजाला नकार देण्याची सोय कितपत होती, याचा विचार वाचकाने करावा.

सत्ता गेली, वेळ उरला. अमरसिंह १८०२ मध्ये वारले. दुसऱ्याच वर्षी, १८०३ मध्ये, राजांनी बृहदीश्वराच्या भव्य मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचा सविस्तर इतिहास मराठीत कोरवून घेतला. ज्याच्या वंशावर पंडितांनी वाद घातला, त्याने तो दगडातच लिहून टाकला, असे मला वाटते.

वाड्यातल्या सरस्वती महालात त्यांनी हस्तलिखिते आणि युरोपातील ग्रंथ जमवले. धन्वंतरी महालात औषधींचे प्रयोग होत. नेत्ररोग्यांच्या उपचारांची टिपणे चित्रांसह ठेवली जात. नवविद्या कलानिधी शाळेत अनेक भाषा शिकवल्या जात. राजांनी देवनागरी टंकांचा छापखाना घातला आणि इसापच्या गोष्टी मराठीत छापवल्या, तेव्हा पुण्यात अजून पेशवाई होती. ज्याला बालपणी अक्षरे मिळू दिली गेली नाहीत, त्याने इतरांच्या मुलांसाठी ती छापवली. श्वार्ट्झ यांच्या स्मरणार्थ त्यांनी लंडनच्या फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून संगमरवरी शिल्प करवून घेतले. त्यात मरणशय्येवरील गुरूंपाशी स्वतः राजे उभे आहेत. धर्म मात्र त्यांनी आपलाच ठेवला. १८२० मध्ये ते मोठ्या लवाजम्यासह काशीयात्रेस निघाले.

७ मार्च १८३२ रोजी त्यांचे निधन झाले. पुत्र शिवाजीराजे १८५५ मध्ये पुरुष वारस नसताना वारले, आणि कंपनीने गादी खालसा केली. ग्रंथ राहिले, १९१८ पासून ते सर्वांसाठी खुले झाले.