लक्ष्मीबाई टिळक

लक्ष्मीबाई नारायण टिळक (१ जून १८६८ – २४ फेब्रुवारी १९३६) ह्या मराठी लेखिका व कवयित्री होत्या. ‘स्मृतिचित्रे’ ह्या त्यांच्या आत्मचरित्राची गणना मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रांत केली जाते. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक हे त्यांचे पती. त्यांच्यामागून लक्ष्मीबाईंनीही ख्रिस्ती धर्म स्वीकारला. मात्र ह्या दोन घटनांमध्ये सुमारे पाच वर्षांचे अंतर आहे, आणि लक्ष्मीबाईंच्या आयुष्याचा अर्थ बराचसा त्या अंतरात दडलेला आहे.

बालपण व विवाह

नाशिकजवळच्या जलालपूर ह्या गोदाकाठच्या गावी गोखले घराण्यात त्यांचा जन्म झाला. माहेरचे नाव मनकर्णिका, घरातील हाक ‘मनू’. १८५७ च्या उठावानंतरच्या धरपकडीची झळ ह्या कुटुंबाला बसली होती. वडील नारायणराव गोखले ह्यांच्या मनाने सोवळ्याओवळ्याचा असा काही ध्यास घेतला, की बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू धुतल्याखेरीज घरात घेतली जात नसे. कुणाचा स्पर्श झाला, कुणाची सावली पडली, ह्या धास्तीतच मुलांचे दिवस जात. पुढे लक्ष्मीबाईंनी हा सारा प्रकार विनोदाने सांगितला असला, तरी त्या विनोदाखालचे भय लपत नाही.

१८८० मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास, त्यांचा विवाह नारायण वामन टिळक ह्यांच्याशी झाला. टिळक बुद्धिमान, उदार, तापट आणि विलक्षण अस्थिर होते. नोकरी सोडणे, गाव बदलणे, न सांगता निघून जाणे हे नित्याचेच होते. संसार म्हणून जे काही असेल ते लक्ष्मीबाईंनी सांभाळावे, असा शिरस्ता पडला. काही अपत्ये बालपणीच दगावली. मुलगा दत्तू, म्हणजे पुढे लेखक म्हणून नावारूपास आलेले देवदत्त, ह्याचा जन्म १८९१ चा. लक्ष्मीबाईंचे शालेय शिक्षण झालेच नव्हते. जुजबी लिहिणे-वाचणे त्या विवाहानंतर शिकल्या.

वियोगाची वर्षे

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बातमी येताच लक्ष्मीबाईंचे आयुष्य उलटेपालटे झाले. त्या काळच्या ब्राह्मण समाजात धर्मांतर केलेला पुरुष कुटुंबाला मेल्यासारखाच असे. पण पती जिवंत असल्याने पत्नी विधवाही ठरत नसे. ना सवाशिणीचा मान, ना विधवेची ठरलेली जागा, अशा अवस्थेत लहानग्या मुलाला घेऊन त्या नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. त्यांपैकी बराच काळ पंढरपुरात गेला. नातलगांनी आधार दिला खरा, पण लोकांची बोलणी चुकली नाहीत. ह्याच काळात त्या कविता करू लागल्या. टिळकांची पत्रे येत राहिली आणि दोघांमधील ओढ तुटली नाही.

धर्मांतर

अखेर त्या पतीकडे राहावयास गेल्या, त्या हिंदू म्हणूनच. नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनच्या परिसरात राहूनही त्यांचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे आणि देवपूजा चालू होती. टिळकांनी त्याला आडकाठी केली नाही. राहुरीच्या मंडळीतील बहुतेक जण महार-मांग समाजांतून आलेले होते. त्यांच्या हातचे पाणी न पिता त्यांच्यात वावरणे लक्ष्मीबाईंना हळूहळू अवघड होऊ लागले. जातिभेद देवाने केला की माणसाने, ह्या प्रश्नावर त्यांनी मनाशी विचार केला आणि तो माणसाचाच आहे, असा निर्णय झाल्यावर कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास सुरुवात केली. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये राहुरी येथे झाला. त्या केवळ पतीमागून गेल्या हे वारंवार केले जाणारे विधान ह्या क्रमाकडे दुर्लक्ष करते. जातीची भिंत आधी पडली, धर्म मागून आला.

नव्या समाजात लक्ष्मीबाईंना मिळाले ते काम. दुष्काळात पोरक्या झालेल्या मुलांनी टिळकांचे घर भरले. प्लेगच्या साथीत आजारी मुलांची शुश्रूषा त्यांनी केली. शिवाशिवीच्या धाकात वाढलेली मुलगी आता साथीच्या रुग्णांजवळ बसत होती. नगरच्या घरात जातधर्माचा विचार न करता कोणीही येऊन राहत असे. कवी बालकवी ठोंबरे हे तेथे घरच्या मुलासारखे राहिले. ख्रिस्ती मंडळी निर्दोष होती, असे मात्र लक्ष्मीबाईंनी कधी भासवले नाही. तेथील हेवेदावे, पैशांची चणचण, मिशनऱ्यांशी उडणारे खटके त्यांनी मोकळेपणाने लिहिले आहेत. १९१७ मध्ये टिळकांनी स्वतःच मिशनचे काम सोडले व साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ ही निराळी बंधुमंडळी सुरू केली.

वैधव्य व लेखन

९ मे १९१९ रोजी टिळक वारले. भजन-कीर्तनाला मराठी ख्रिस्ती उपासनेत स्थान मिळवून देण्यात त्यांचा मोठा वाटा होता. लक्ष्मीबाईही कीर्तन करीत. टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र जेमतेम दहा-अकरा अध्यायांवर थांबले होते. शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे साठाहून अधिक अध्याय रचले. हा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला.

‘स्मृतिचित्रे’चा जन्म जवळपास योगायोगाने झाला. देवदत्तांना वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते व त्यासाठी त्यांनी आईकडे आठवणी मागितल्या. लिहिता लिहिता पतीबरोबर लेखिकाही त्यात उभी राहिली. १९३४ पासून चार भागांत निघालेल्या ह्या ग्रंथाची भाषा घरगुती बोलण्याची आहे. स्वतःच्या भित्रेपणाला व चुकांना हसण्यात ती कचरत नाही. शेवटचा भाग अपुरा राहिला. लक्ष्मीबाईंचे निधन नाशिक येथे झाले.

जोसेफिन इंकस्टर ह्यांनी केलेला ‘स्मृतिचित्रे’चा इंग्रजी अनुवाद १९५० मध्ये, तर शांता गोखले ह्यांचा अनुवाद २०१७ मध्ये प्रकाशित झाला. विजया मेहता ह्यांनी ह्या आत्मचरित्रावर दूरचित्रवाणीसाठी चित्रपट केला. त्यात सुहास जोशी ह्यांनी लक्ष्मीबाईंची भूमिका केली.